झुल्यावर घातलेली लाइन

धाकटीच्या कॉम्प्युटरला एकाच वेळी दोन इंटरनेट लागणार, एक तारेचं आणि एक बिनतारी, हे कळल्यावर ताईने आधी नाक मुरडलं आणि मग ती कामाला लागली. ताईचं सगळं असंच असे. बोलायचं कडू, करायचं सगळं, आणि केलेलं नंतर वर्षानुवर्षं ऐकवायचं. तिने टेबल भिंतीपासून ओढलं, मागची जळमटं झाडूने काढली, हॉलमधल्या राउटरपासून धाकटीच्या खोलीपर्यंत आलेली केबल भिंतीच्या कडेने चिमटे ठोकून नीट बसवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या घरात कुणाला एक नवरा मिळवता आला नाही, आणि म्हणे दोन-दोन जोडण्या!"

धाकटी हसली. ताईच्या बोलण्याला हसून घ्यायचं, हे ती फार लहानपणी शिकली होती. ती शाळेत असतानाच आई गेली आणि तेव्हापासून तिची वेणी, तिचं दप्तर, तिचा ताप, तिचे मार्क सगळं ताईच्या ताब्यात गेलं. ताई तेव्हा नुकतीच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. तिथेच तिने उभा जन्म काढला आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. आता दोघी पिकायला लागल्या होत्या आणि चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. ताई अजूनही धाकटीला "छोटे" म्हणत होती आणि छोटीचे गुडघे दुखायला लागले होते.

धाकटीचं काम टंकायचं. डॉक्टर लोक रोग्यांचे अहवाल तोंडी बोलून ठेवत आणि कानाला हेडफोन लावून ती ते लिहून काढी. डॉक्टर मंडळी तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलतात, पण धाकटीला सगळं कळे. बोटं की-बोर्डवर आणि डोळे खिडकीबाहेर, अशी ती तासन्‌तास बसे. ताईला तो टकटकाट आवडायचा. तो ऐकत ती हॉलमध्ये पेपर वाची, तो ऐकत दुपारी डुलकी घेई. मधेच तो थांबला की ताईला जाग येई आणि ती हाक मारी, "काय गं, काय झालं?" असं त्यांचं बरं चाललं होतं. निदान ताईच्या मते तरी.

मग ती शाळा आली. परगावची, बहिऱ्या मुलांची. तिथे वर्गात बाई शिकवत असताना कुणीतरी कानाला हेडफोन लावून त्यांचं प्रत्येक वाक्य जागच्या जागी टंकायचं, म्हणजे ते पडद्याच्या तळाशी पट्टीवर उमटतं आणि मुलं वाचतात. धाकटीने अर्ज केला, मुलाखत दिली आणि ती पसंत पडली. पहिले काही महिने घरून काम, मग तिकडे जायचं. शाळेच्या आवारात राहायला खोली मिळणार होती. फक्त एक परीक्षा उरली होती. खरा वर्ग, खरी मुलं, आणि धाकटीने घरी बसून सबंध तास टंकून दाखवायचा. अट एकच, आणि ती शाळेच्या बाईंनी तीनतीनदा बजावली होती. कॉम्प्युटरला तारही हवी आणि वाय-फायही हवं, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचं. एक गेलं तर दुसऱ्यावर काम चालू राहिलं पाहिजे.

"मुलांना कळतासुद्धा कामा नये म्हणतात, ताई," धाकटी चहा गाळता गाळता म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की ताईला तो बघवेना. "एक लाइन गेली आणि दुसरी आली, हे त्यांना समजूसुद्धा नये. आपलं शिकणं चालूच!"

"आणि तू गेलीस की? ते मला समजलेलं चालेल ना?"

"असं काय गं! सुट्टीला येईन की मी. आणि तूही ये राहायला. खोली मोठी आहे म्हणाल्या."

"मी? बहिऱ्यांच्या शाळेत टेलिफोनवालीचं काय काम?" ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. धाकटीही हसली. चहा झाला, कप विसळले गेले, विषय संपला.

संपला कसला. आता इथे सरळच सांगून टाकलेलं बरं, कारण ताई स्वतः मेली तरी सांगणार नाही. तिला भीती वाटत होती. एकटीने जेवायची, एकटीने आजारी पडायची, आणि दुपारी जाग आल्यावर कुणाला हाक मारायची याची. बस, एवढंच. "छोटे, नको जाऊस गं, मला भीती वाटते," एवढं म्हटलं असतं तर धाकटी त्याच पावली थांबली असती. तिचा स्वभावच तसा होता आणि ताईला तो पक्का ठाऊक होता. पण मागायचं कसं? सगळा जन्म ताईने हुकूम सोडले होते. धाकट्या बहिणीपुढे हात पसरणं तिच्या जिवावर आलं. मागण्यापेक्षा हिसकावून घेणं तिला सोपं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं वाटणारी माणसं आपल्यात कमी नाहीत.

तरीही त्या दिवशी तिने मनात काही धरलं नव्हतं. ते पुढे झालं, आणि तेही धाकटीच्याच उत्साहामुळे.

वाय-फाय खालच्या चष्मेवाल्याने दिलं. भला माणूस. दुकानात दिवसभर माशा मारत बसे. धाकटीने विचारलं तर तो स्वतः जिना चढून वर आला आणि पासवर्ड लिहून न देता कानात सांगून गेला, कारण ते त्याच्या मेलेल्या मांजरीचं नाव होतं आणि तसं कागदावर लिहायचं त्याला बरं वाटेना. धाकटीने तो घातला, कॉम्प्युटर खालच्या वाय-फायला जोडला गेला, केबल होतीच, आणि तिने ताईला ओढत आणून खुर्चीवर बसवलं.

"आता गंमत बघ हं." तिने थेट चाललेल्या बातम्या लावल्या. "दोन्ही जोडलेलं आहे. तारही आहे, वाय-फायही आहे. पण हा धरतो ती तारच. तार आहे तोवर तो वाय-फायकडे ढुंकून बघत नाही."

"हट्टी दिसतोय."

"हट्टी नाही गं, विश्वासू. आणि आता हे बघ." धाकटीने हात मागे घातला आणि कॉम्प्युटरमधून केबल उपटली. बातम्या देणारी बाई अर्ध्या शब्दावर अडखळली, डोळे मिटून राहिली आणि लगेच पुढे बोलायला लागली. "बघितलंस? तार निघाली हे कळल्याबरोबर वाय-फायवर गेला! आपण काही करायचंच नाही!" आणि चाळिशी कधीच ओलांडलेली धाकटी टाळ्या पिटायला लागली.

ताईनेही टाळ्या वाजवल्या. पण तिचे कान टवकारले गेले होते. आयुष्यभर ती एकच विद्या शिकली होती, लाइनची, आणि धाकटीच्या बोलण्यातला एक शब्द तिच्या कानात अडकून बसला होता. तार निघाली हे कळल्याबरोबर. म्हणजे, ताईने मनात म्हटलं, कळलं तर. आणि नाही कळलं तर?

एक्स्चेंजमध्ये पोरींचा एक खेळ होता. तेव्हा परगावचा फोन लावायचा तर ऑपरेटरला विनवावं लागे, ती बोर्डावर एका भोकात एक दोरी घाली, दुसऱ्यात दुसरी, तेव्हा कुठे माणूस माणसाशी बोले. कुणी उद्धटपणे बोललं, शिवी घातली, की पोरी त्याची लाइन कापत नसत. कापली तर तो फोन आपटतो, पुन्हा लावतो, वर तक्रार करतो. त्यापेक्षा त्याची दोरी तशीच राहू द्यायची आणि पुढची घालायचीच नाही. त्याला कानात गूं गूं ऐकू येत राहतं. लाइन जिवंत आहे, आता लागेल, मग लागेल, असं म्हणत तो रिसीव्हर कानाला लावून बसतो तो बसतोच. याला पोरी म्हणायच्या, "घाल त्याला झुल्यावर." सुपरवायझर म्हणून ताईने हे थांबवायचं होतं. प्रत्यक्षात झुला द्यावा तर ताईनेच, असं तिचं नाव होतं.

एकदा एका माणसाला परगावचं इस्पितळ हवं होतं. तो ऑपरेटर पोरीवर खेकसला, "लवकर लाव गं बये, झोपलीस का?" ताईने पोरीला बाजूला सारलं आणि स्वतः त्याला झुल्यावर घातलं. तिचा चहा झाला, गप्पा झाल्या. मधून मधून तो "हॅलो" म्हणत होता. आधी रागाने, मग नुसता, मग फार हळू. शेवटी तिने लाइन दिली तेव्हा इस्पितळातून त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं आणि तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"नंतर पोरी दिवसभर ताईकडे बघत नव्हत्या. ही गोष्ट तिने घरी कधी काढली नाही.

दोन दिवसांनी धाकटी बाजारात गेली तेव्हा ताई तिच्या खुर्चीत जाऊन बसली. बातम्या लावल्या. आधी धाकटीसारखी केबल उपटून पाहिली. बाई अडखळली आणि बोलायला लागली. ताईने केबल परत घातली. मग ती हॉलमध्ये आली. राउटरच्या पाठीत वायरी घुसलेल्या होत्या. एक धाकटीच्या खोलीकडे जाणारी. दुसरी भिंतीतून, बाहेरून, कंपनीकडून येणारी. धाकटीची तिने तशीच ठेवली आणि बाहेरची हळूच सोडवली. राउटरवरचा एक दिवा लाल झाला, बाकीचे हिरवेच. ताई खोलीत गेली.

बातम्या देणारी बाई तोंड उघडं टाकून थिजली होती. ताई वाट बघत राहिली. वाय-फाय तिथेच होतं, पडद्याच्या कोपऱ्यात, भरगच्च, मांजरीच्या नावासकट. पण कॉम्प्युटर काही तिकडे जाईना. त्याची केबल कुणी उपटली नव्हती. केबलीच्या टोकाला दिवा लुकलुकत होता. राउटरपर्यंत लाइन जिवंत होती आणि पुढे काही नव्हतं, आणि तो मुकाट्याने ती धरून बसला होता. ताईने स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन घेतलं, परत आली. बाईचं तोंड तसंच उघडं.

ताईला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांत ती इतकी मनापासून हसली नव्हती. काय हे नवीन नवीन म्हणतात, आणि आतून सगळं आपल्या बोर्डासारखंच! तिने बाहेरची वायर परत खोचली, खुर्ची होती तशी ठेवली आणि धाकटी परतली तेव्हा ती पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती.

परीक्षेच्या सकाळी ताईने धाकटीला हाताला धरून आरशासमोर बसवलं. "अशी पिंजारलेली बसणार आहेस का पोरांसमोर?" म्हणत तिचे केस विंचरले, घट्ट वेणी घातली. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. पण हेही सांगायला हवं की वेणी घालताना ताईचा हात खरोखर मऊ होता आणि धाकटीने डोळे मिटले होते.

"घाबरू नकोस. चुकलीस तर चुकलीस," ताई म्हणाली.

"टंकायचं मला काही वाटत नाही गं. भीती लाइनची. ती सांभाळायला तू आहेस म्हणून धीर आहे."

"मी आहे ना," ताई म्हणाली.

खोलीत मोबाइल ठेवायचा नाही असा शाळेचा नियम होता. धाकटीने तो ताईच्या हातात दिला आणि ताईने गाऊनच्या खिशात टाकला. दार लोटलं गेलं. ताई हॉलमध्ये राउटरशेजारच्या आपल्या खुर्चीवर बसली, पेपर मांडीवर. आत टकटकाट सुरू झाला.

तो तिने आधी ऐकला. एवढं न्यायाने सांगायलाच हवं. लगेच हात घातला नाही. ती कान देऊन बसली, एक्स्चेंजमध्ये नव्या पोरीची परीक्षा घेताना बसायची तशी, कुठे अडखळते ते बघत. धाकटी आपणहून चुकली, गडबडली, रडत बाहेर आली, तर ताईला काही करावंच लागणार नव्हतं. ताईने तसा मनातल्या मनात धावासुद्धा केला. पण टकटकाट थांबेना. सलग, एकसारखा, मध्ये अगदी छोटे श्वास घेतल्यासारखे थांबे आणि पुन्हा सलग. धाकटी हुशार होती. फार हुशार होती. तिला वाढवलेलं ताईने, शुद्धलेखनाची चूक झाली की हातावर पट्टी मारलेली ताईने. ताईचा ऊर भरून आला, आणि भरून आलेला असतानाच तिने हात मागे नेऊन बाहेरची वायर सोडवली. पेपर उचलून राउटरवर टाकला, लाल दिवा झाकून.

टकटकाट थांबला.

"ताई?"

ताई उठली. धाकटी बाहेर यायच्या आत तिला दारात पोचायचं होतं, आणि ती पोचली. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई हात वर करून थिजल्या होत्या. पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी खाली पट्टीकडे बघत थिजली होती. पट्टीवर धाकटीने टंकलेलं शेवटचं होतं, "आणि मग ते पाणी".

"ताई, बंद पडलं! राउटरचे दिवे बघ गं, लागलेत का?"

"लागलेत. सगळे हिरवे. आत्ताच बघून आले."

"मग काय झालं? केबल लागलेली दाखवतोय, वाय-फाय लागलेलं दाखवतोय. दोन्ही आहे! दोन्ही आहे, मग चालत का नाही?" तिच्या कपाळावर घाम आला होता. ती हेडफोन कानावर दाबत होती, जणू दाबल्याने ऐकू येणार होतं. "हॅलो? बाई, हॅलो? ऐकू येतंय का?"

ते "हॅलो" ताईने ऐकलं. तिला आतून काहीतरी टोचलं, नाही असं नाही. ते तिने कानामागे टाकलं.

"ही काढून बघू का?" धाकटीचा हात मागे गेला आणि तिने केबल धरलीसुद्धा. तिने ती नुसती ओढली असती तर सगळं मिटलं होतं. कॉम्प्युटर चष्मेवाल्याच्या वाय-फायवर गेला असता, बाईंचा हात खाली आला असता, आणि त्या पाण्याचं पुढे काय झालं ते त्या मुलीला वाचायला मिळालं असतं.

ताईने तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस!"

"पण त्या दिवशी काढली तेव्हा..."

"त्या दिवशी लाइन चालू होती. आज आधीच अडकली आहे. मागे दिवा दिसतोय ना लुकलुकताना? म्हणजे ती जिवंत आहे, येतेय. आता उपटलीस तर होतं नव्हतं तेही जाईल. लाइनचं मला सांगतेस का तू?"

धाकटीने हात काढून घेतला. ताईवर तिने कधी अविश्वास दाखवला नव्हता आणि आजच कुठून दाखवणार? ती मांडीवर हात ठेवून लुकलुकत्या दिव्याकडे बघत बसली. ताईच्या खिशात मोबाइल थरथरायला लागला. शाळेतूनच असणार. तो तिच्या मांडीशी थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. ताई धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली आणि तिने त्याला थरथरू दिलं.

शेवटी धाकटीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. तार लागलेली, वाय-फाय लागलेलं, आणि हाती काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात तास संपला तेव्हा ती उठली आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली. नळाचा आवाज आला तशी ताई हॉलमध्ये गेली, पेपर उचलला, वायर खोचली. धाकटी पदराने तोंड पुसत परत आली तो सगळं सुरळीत चालू होतं. वर्ग रिकामा होता, बाकं दिसत होती, फळ्यावर पातेल्याचं चित्र होतं.

"आलं," धाकटी म्हणाली. ती बराच वेळ त्या फळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे लाइन ठीकच होती. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार."

ताईने पेपराची घडी घातली.

दिवसभर धाकटी रडली नाही. संध्याकाळी ती ताईच्या कुशीत शिरली आणि मग रडली, लहान होती तशी, हुंदके देत. ताईने तिला थोपटलं, मायेने थोपटलं, आणि तिचा स्वतःचा जीव भांड्यात पडला होता. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. ताईला त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पुढचे दिवस बरे गेले. आत टकटकाट, बाहेर पेपर. डॉक्टर तसेच बोलत होते. फक्त धाकटी आता टंकताना खिडकीबाहेर न बघता केबलीकडे बघायची. ताईच्या ते लक्षात आलं, पण सवय होईल म्हणून तिने सोडून दिलं. वाय-फाय मात्र तसंच जोडलेलं होतं. ते काढून टाकायचं धाकटीला सुचलं नव्हतं की जमलं नव्हतं, कोण जाणे.

मग एका दुपारी मोबाइल वाजला. धाकटी भाजी निवडत होती, हात ओले, म्हणून तिने बोटाच्या पेराने तो मोठ्या आवाजावर टाकला आणि ताटलीशेजारी ठेवला. ताई समोरच बसली होती.

शाळेच्या बाई होत्या. आवाज गोड होता. म्हणाल्या, तुमचं टंकन आम्ही पाहिलं, जेवढं झालं तेवढं. असं काम आम्हाला आजवर कुणी करून दाखवलेलं नाही. नियमाने आम्ही दुसरी संधी देत नाही, पण तुमच्यासाठी सगळ्यांशी भांडून मी ती मागून घेतली आहे. या आठवड्यात पुन्हा घेऊ या का?

धाकटीच्या हातातली काडी तशीच राहिली. तिचा चेहरा उजळायला लागला, आणि मग अर्ध्यावरच थांबला.

"बाई, त्या दिवशी पुढच्या बाकावर एक मुलगी होती," ती म्हणाली. "दोन वेण्यांची. ती फार वेळ बघत होती का?"

बाई जरा हसल्या. "होती बघत. मग तिने हातांनी विचारलं, त्या लिहिणाऱ्या बाई झोपल्या का?"

ताईने मान खाली घातली आणि धाकटीची भाजी निवडायला घेतली.

"तेच," धाकटी म्हणाली. "माझं एकटीचं असतं तर मी दहा वेळा तोंडावर पडायला तयार आहे. पण मुलांना असं अधांतरी ठेवायचं म्हणजे... मला नाही जमायचं ते. पुन्हा तसं झालं तर?"

"पण होईलच असं कुठे आहे? दोन्ही जोडण्या आहेत ना तुमच्याकडे? घरात कुणी जाणकार आहे का लाइनकडे बघायला?"

"आहे ना. माझी ताई आहे." धाकटीच्या आवाजात एकदम अभिमान आला. "जन्मभर टेलिफोनमध्ये होती. त्या दिवशीही माझ्या शेजारी उभी होती, म्हणून तर मी तेवढी तरी टिकले."

"मग त्यांनाच विचारा ना. त्या म्हणाल्या होणार नाही, तर माझा भरवसा आहे. आत्ताच विचारा, मी थांबते."

धाकटी ताईकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. उत्तर तिला आधीच ठाऊक असल्यासारखी, लहानपणी ताप उतरला का विचारायची तशी. एवढा एक शब्द मिळाला की ती जाणार होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ताईला वाचता येत होतं.

"ताई, तू सांग. परत तसं होईल का गं?"

फोन ताटलीशेजारी उजळलेला होता. बाई पलीकडे थांबल्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. ताईने हातातली काडी मोडली, पानं वेगळी केली, देठ वेगळे केले. "नाही" हा शब्द तिच्या जिभेवर येऊन गेला. खरंच येऊन गेला. मग तिला दुपारचं घर दिसलं, टकटकाट नसलेलं.

"होईल," ताई म्हणाली.

धाकटीने मान हलवली. पदराने डोळे पुसले आणि फोनवर वाकली.

"होईल म्हणते, बाई," ती म्हणाली. "नको मग. आमची ताई लाइनच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाही."